कोल्ह्याच्या शेपटीची अट

देवधार, जि. कुल्लू
८ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीहून परतून महिना झाला आणि मी आज लिहायला बसते आहे, तेव्हा आधी कान धरते. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि अनुपच्या मोबाइलवर निरोप धाडले की तो निम्मे विसरतो आणि निम्मे स्वतःचे घालतो. म्हणून पत्रच बरं. चष्मा लावून दोनदा वाचता येईल, आणि बाबांच्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने तू वाचशील याची मला खात्री आहे.

इथे नर्सरीत काम जोरात आहे. माझं प्रशिक्षणाचं वर्ष मार्चअखेर संपतं. मालकीणबाईंनी परवा पुन्हा विचारलं की पुढची तीन वर्षं राहशील का. फॉक्सटेल लिलीची अख्खी बाजू त्या माझ्या हाती द्यायला तयार आहेत. त्यांना ३१ मार्चपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. मला राहायचं आहे, आत्या. इतकं मनापासून मला आजवर काहीच हवं वाटलं नव्हतं.

आणि तिकडे बाबांची अट. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेदिवशी ओसरी पाहुण्यांनी भरलेली, बाहेर दंडारीच्या नाचाचा ढोल वाजतोय, आणि मी त्या फुलाचे फोटो सगळ्यांना दाखवत होते. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले की एवढी जाणकार झाली असशील तर यातलं एक झाड आपल्या अंगणात फुलवून दाखव, गुढीपाडव्यापर्यंत. फुललं तर खुशाल तीन वर्षं जा. नाही फुललं तर घरी ये आणि आपला हातमाग सांभाळ. सगळे हसले, मीही हसले आणि हो म्हणून बसले. रेल्वेत बसल्यावर लक्षात आलं की बाबा अजिबात हसत नव्हते.

तू फोटो नीट पाहिले नव्हतेस, म्हणून सांगते. फॉक्सटेल म्हणजे कोल्ह्याचं शेपूट. एक सरळसोट दांडा जमिनीतून निघतो आणि माणसाच्या डोक्यावर जातो. त्याला खालपासून वरपर्यंत शेकडो बारकी फुलं, पिवळी, नारिंगी, पांढरी. खालची आधी उमलतात आणि रोज एकेक वेढा वर चढत जातो. पण याला फुलण्याआधी दोन-अडीच महिने चांगली थंडी लागते, आणि आपल्याकडची थंडी संक्रांतीपुरती पाहुणी येते. म्हणून मी इथेच थंडी खाल्लेले कंद जानेवारीत पाठवणार आहे. अंगण बाबांचं असलं तरी हात तुझे लागतील. माझ्या बाजूने उभी राहशील ना?

तुझा लोभ आहे तसा राहू दे, वर दोन पळ्या जास्त वाढ.

तुझी,
रंजिता

---

आंधळगाव, ता. मोहाडी, जि. भंडारा
१९ डिसेंबर २०२४

चि. रंजितास,
दुर्गाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा नाही, चारदा वाचलं, आणि दर वेळी मोठ्याने. तुझे बाबा मागावर होते. फुलाचं वर्णन आलं की धोट्याची खटखट थांबायची, मी मान वर केली की पुन्हा सुरू. मी विचारलं, काहून थांबून राहिला रे गोपाळ, तर म्हणतो धागा तुटला. एका पत्रात तीनदा धागा तुटला. चाळीस वर्षांत त्याच्या हातून इतके धागे तुटले नसतील.

तू त्याच्यावर रागावू नकोस. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. मी लाखांदूरचं रिकामं झालेलं सासरचं घर आवरून इथे आले ती तुझ्या वेण्या घालायला. तेव्हापासून पाहते आहे, तो मागावर बसला की तू त्याच्या मांडीला चिकटून बसायचीस. तुझ्या भावाला, अनुपला कधी गोडी लागली नाही, तो वरठीच्या कारखान्यात रमला, रोज मोटरसायकलवर जातो येतो आणि सुखी आहे. पण तुझ्या हातचं कोशाचं कापड पाहून नागपूरचा व्यापारी विचारतो, हे बापाचं की लेकीचं. ते वाक्य तुझ्या बाबांनी मनात धरून ठेवलं आहे. त्यांच्यामागे या घरात धोटा कोण फेकणार, हा त्यांचा खरा घोर आहे. तोंडाने सांगणार नाहीत.

एवढं सगळं कळूनही मी तुझ्याच बाजूची आहे. मलाही कोणी कधी विचारलं नव्हतं की तुले काय पाहिजे. तू कंद पाठव. मातीचं मला काही शिकवू नकोस, लाखांदूरला वीस वर्षं चिखलात उभं राहून धानाचा रोवणा केला आहे. गावातल्या बायका माझ्या रांगेकडे पाहून आपली रांग सरळ करायच्या.

अनुपबरोबर लाखोळीची डाळ आणि तिळाचे लाडू पार्सलला दिले आहेत. थंडीत डोकं उघडं टाकून फिरू नकोस. लोभ मागायचा नसतो, तो इथे डब्यात भरूनच ठेवलेला आहे.

तुझी,
आत्या

---

देवधार
५ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लाडू पोचले. मालकीणबाईंनी एक खाल्ला आणि उरलेल्यांवर डोळा ठेवून आहेत, म्हणून डबा मी कांबळ्यात लपवला आहे.

सोबत चार कंद पाठवत आहे. खोकं उघडल्यावर घाबरू नकोस. पाय पसरलेल्या खेकड्यासारखे दिसतात. मधे एक डोळा असतो, त्यातून कोंब येतो. भोवतीची बोटं फार नाजूक असतात, काकडीसारखी पटकन मोडतात. यातले दोन लगेच जमिनीत लाव, सकाळचं ऊन मिळेल अशा जागी, आणि दोन ओल्या शेवाळात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव. पहिल्या दोघांचं काही बिनसलं तर ते कामाला येतील. पाणी बेताने घाल. बाकी मातीचं तुला मी काय सांगू?

काल रात्रीपासून बर्फ पडतं आहे. सगळं पांढरं झालं की मला मागावर चढवलेला कोरा ताणा आठवतो. हे वाक्य थोडं मोठ्याने वाच.

तुझे आशीर्वाद या पार्सलाआधी पोचले पाहिजेत, एवढंच मागते.

तुझी,
रंजिता

---

आंधळगाव
२० जानेवारी २०२५

चि. रंजितास,
आत्याचे भरभरून आशीर्वाद.

तुझे चारही खेकडे सुखरूप आले. अनुपने खोकं उघडलं आणि दोन पावलं मागे सरला. कारखान्यात वितळलेल्या लोखंडाजवळ उभा राहणारा माणूस कंदाला भ्यायला, हे मी शेजारच्या जनाबाईला सांगितलं, आता सगळ्या आळीला ठाऊक आहे.

लावणी झकास झाली आहे. विहिरीजवळ वाफा केला, चारी बाजूंनी बांध घातला, पाणी सोडलं आणि पदर खोचून पायाने तुडवून तुडवून लोण्यासारखा चिखल केला. मग दोन कंद घेतले, त्यांची बोटं अलगद वळून जुडी बांधली आणि वीतभर खोल रोवले. सकाळी एक बादली, संध्याकाळी एक बादली. वाफ्यात पाणी कसं आरशासारखं उभं आहे, बघत राहावं. इतका चांगला रोवणा मी लाखांदूर सोडल्यापासून केला नव्हता.

तुझे बाबा येऊन काठावर उभे राहिले आणि म्हणाले, बाई, हे धान नाही. मी म्हटलं, ज्याची अट त्यानं मधे बोलू नये. मागावर जाऊन बसले.

फ्रिजमधल्या दोघांची मी रोज चौकशी करते. वांग्यांच्या शेजारी आहेत, मजेत आहेत. तूही मजेत राहा आणि माझ्यावर विश्वास ठेव.

तुझी,
आत्या

---

देवधार
२८ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आजच मिळालं. वाचून मी आधी पोटभर हसले आणि मग मला रडू आलं. आठ दिवस टॉवर बंद आहे, नाहीतर अनुपला तिथल्या तिथे फोन केला असता. हे पत्र खाली जाणाऱ्या दुधाच्या गाडीबरोबर धाडत आहे.

आत्या, चूक सगळी माझी आहे. तुला मातीतलं काय सांगू असं लिहिलं आणि नेमकं सांगायचं तेच राहिलं. या कंदाला उभं पाणी म्हणजे मरण. तो डोंगरउतारावरचा आहे, त्याच्या बोटांना ओलं मुळीच सोसत नाही. चिखलातले दोघे बहुतेक सडले असतील. ते काढून टाक, मनाला लावून घेऊ नकोस.

उरलेल्या दोघांसाठी अनुपकडून पोतंभर जाड रेती मागव. उंच जागेवर रेतीचा छोटा ढिगारा कर, त्यावर कंद बसव आणि बोटं चहूकडे मोकळी पसर. डोळा वर राहिला पाहिजे. त्यावर चार बोटं भुसभुशीत माती. पाणी चार दिवसांतून एक लोटा, तेही कडेने. इतकं कमी पाणी घालताना तुझा जीव वरखाली होईल हे मला ठाऊक आहे. तरीही एकच लोटा.

पाडव्याला दोन महिने आहेत. अजून वेळ गेलेली नाही. तुझ्या हातांवरचा माझा विश्वास तसाच आहे, फक्त पायांवरचा थोडा कमी झाला आहे.

तुझी,
रंजिता

---

आंधळगाव
६ फेब्रुवारी २०२५

चि. रंजितास,
आत्याचे आशीर्वाद. आज ते जरा ओशाळून देत आहे.

तू म्हणालीस तसंच झालं. वाफा उपसला तर दोन्ही कंदांचा लगदा हाती आला. मी वाफ्याच्या काठावर बसून रडले. अनुप कामावरून आला, विचारायला लागला की आत्या काहून रडून राहिली, कोणी वारलं काय. मी म्हटलं, हो, दोघे. तो लगेच सूर नदीच्या काठावरून रेती आणायला गेला.

पण पुढचं ऐक. रथसप्तमीच्या दिवशी मी फ्रिजमधले दोन कंद काढले, सुपात घालून ओसरीवर ठेवले आणि रेती येईपर्यंत जनाबाईकडे हळदीकुंकवाला जाऊन आले. अर्ध्या तासाचं काम. परत आले तर सुपात एकच कंद. आणि तुझे बाबा अंगणात सुती ताणा ताणून, कुंच्याने खळ मारत, चक्क गुणगुणत होते. मला म्हणाले, बाई, किती वर्षांनी रानकांदा आणलास! आपल्या आजोबांच्या वेळी खळीच्या पेजेत रानातला कांदा उकळून घालायचे, म्हणजे धाग्याला चिकटपणा येतो आणि चकाकी धरते. हल्ली तो कोणी आणत नाही. सुपात दिसला, मोडून पाहिला, बोटाला चिकटला, म्हणून त्यांना वाटलं मी त्यांच्यासाठीच कोका जंगलाकडच्या कोणाला सांगून मागवला. चिरला, उकळला, ताण्याला लावला. वर मला सांगत होते की अशी खळ दहा वर्षांत जमली नव्हती, हात लावून पाहा.

मी सांगितलं ते काय होतं. त्यांनी कुंचा खाली ठेवला. चेहरा असा झाला की मलाच दया आली. खळ वाळेपर्यंत ताणा सोडता येत नाही, म्हणून तसेच उभे होते.

संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसले. म्हणाले, ज्यानं अट घातली त्यानंच समोरच्याचा कंद कापून उकळला, ही बेइमानी झाली. उद्या पोरगी म्हणेल बाबानं मुद्दाम केलं. मी म्हटलं, ती तसं म्हणणार नाही. तर म्हणाले, ती नाही म्हणणार, पण मले वाटत राहील ना. म्हणून आता पाडव्यापर्यंत शेवटचा कंद त्यांच्या ताब्यात. तुझं पत्र मागून घेतलं, तीनदा वाचलं, बोटं मोजून माती घातली. मला पाण्याच्या लोट्याला हात लावायची बंदी आहे.

मला तरी काही सुधरत नाही. अट त्यांचीच आणि राखणही त्यांचीच. माझ्यावरचा लोभ थोडा शिल्लक असेल तर कळव.

तुझी,
आत्या

---

देवधार
१५ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लोभ भरपूर शिल्लक आहे. तुझं पत्र मी मालकीणबाईंना हिंदीत सांगितलं, तर त्या हसत हसत खाटेवर आडव्या झाल्या. म्हणाल्या, या मुळाचा डिंक करतात असं त्यांच्या आजीकडून ऐकलं होतं, पण त्याने सूत माखणारा माणूस पहिल्यांदाच ऐकला.

इथून पुढचं मोठ्याने वाच.

ताण्याला चकाकी आली याचा मला खरंच आनंद झाला. ज्या कंदाने बाबांना गुणगुणायला लावलं तो वाया गेला असं मी मानत नाही. बेइमानीचा तर विचारही माझ्या मनात आला नाही. बाबांनी एखाद्या गिऱ्हाइकाला सुताचा आकडा कधी खोटा सांगितला नाही, ते आपल्या लेकीशी लबाडी कशी करतील? आणि एक गोष्ट मंडईच्या गर्दीत सांगायची राहिली. मागाला कंटाळून मी इथे आले नाही. तुटलेला धागा न चिडता शोधायचा, घाई केली की कापड बिघडतं, हे सगळं मी मागावर शिकले, आणि इथे मला त्यासाठीच ठेवून घेत आहेत. इथल्या मुलांना कंद लावताना घाई होते. मला होत नाही.

कोंब आला की दुपारच्या उन्हात त्यावर पातळ कापडाची सावली धरावी. रात्री उघडं ठेवावं, म्हणजे गार हवा मिळते.

इथून पुढचं मनात वाच.

आत्या, मला भीती वाटते आहे. एकच कंद उरला आहे आणि तुमच्याकडे ऊन तापायला लागलं असेल. मी बाबांना शब्द दिला आहे आणि तो मोडणार नाही. पण रोज सकाळी या उतारावर उभी राहते तेव्हा वाटतं की हे सोडून जाताना माझे पाय उचलणार नाहीत. हे कोणाला सांगू नकोस. तुझ्याजवळ ठेवून मोकळी होते.

तुझी,
रंजिता

---

आंधळगाव
१० मार्च २०२५

चि. रंजितास,
आत्याचे घाईघाईने आशीर्वाद.

मोठ्याने वाचायचं मोठ्याने वाचलं, मनात वाचायचं मनात. मागावर या वेळी काही तुटलं नाही, कारण तुझे बाबा माग सोडून सरळ माझ्यासमोर येऊन बसले होते. सुताच्या आकड्याचं आणि लेकीचं ऐकलं तेव्हा डोळ्यांत कचरा गेला म्हणाले.

कोंब आला! २२ फेब्रुवारीला सकाळी तुझे बाबा मला उठवायला आले, दात घासायची काडी तोंडात तशीच. रेतीच्या ढिगाऱ्यावर हिरवी चोच दिसत होती. आता लांब पानांचा छान झुबका झाला आहे. त्यांनी मागाच्या जुन्या काठ्या रोवून कुंपण केलं, वर जुन्या धोतराची सावली. दहाला बांधतात, चारला सोडतात. होळी जवळ आली म्हणून आळीतल्या पोरांना बोलावून सांगितलं आहे की या बाजूला पिचकारी आली तर बघा. पोरं सांगितलेलं ऐकतात, आणि रोज येऊन झाड बघूनही जातात. अनुप म्हणतो, आंधळगावात आता बघायला दोनच गोष्टी, कोसा आणि आमचं कोल्हशेपूट.

पण आता काळजीचं. ऊन सदतिसावर गेलं आहे आणि चार दिवसांपासून पानांची टोकं पिवळी पडत आहेत. मला कळतं आहे की झाडाला तहान लागली. तुझे बाबा पाणी घालू देत नाहीत. काल आमचं चांगलंच वाजलं. मी बादली भरून निघाले, ते कुंपणासमोर स्टूल टाकून बसले. मी म्हटलं, मरून राहिलं ते, दिसत नाही काय. ते म्हणाले, एक लोटा म्हणजे एकच लोटा, रंजितानं लिहिलं आहे. मी रागाने बादली तुळशीला ओतली. तुळस पाण्यात पोहते आहे.

खरं सांगू का, त्यांना हरायचं आहे की जिंकायचं आहे, हे मला आता समजेनासं झालं आहे. पानांच्या मधोमध अंगठ्याएवढं काहीतरी बंद बंद दिसतं. ते काय आहे? लवकर लिही, नाहीतर फोन कर. तोंडावर ओरडून बोललीस तर ऐकू येईल.

तुझी,
आत्या

---

देवधार
१८ मार्च २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर ओरडून सांगितलं, पण तू प्रत्येक वाक्याला जेवलीस का, असंच विचारत होतीस. म्हणून पुन्हा लिहिते.

पानं पिवळी पडू दे. फूल वर निघायला लागलं की या झाडाची पानं आपोआप वाळतात. इथेही तसंच होतं. आजार नाही आणि तहानही नाही. बाबा स्टुलावर बसले ते अगदी बरोबर केलं. एक बादली पडली असती तर संपलं असतं. मधला अंगठा म्हणजे फुलाचा दांडा आहे! तो आता चढेल. किती चढेल ते मला सांगता येत नाही. थंडी कमी पडली की दांडा आखूड राहतो, आणि फार ऊन झालं तर कळ्या न उमलताच जळतात. म्हणून आधीच मन घट्ट करून ठेवते आहे.

मालकीणबाईंना ३१ तारखेला सांगायचं आहे. पाडवा तीसला. कळ्या उमलल्या नाहीत तर मी सामान बांधून येईन आणि मागावर बसेन. तोंड पाडून नाही, नीट बसेन. जो माणूस माझ्या बाजूने स्वतःच्याच अटीवर पहारा देतो त्याच्याकडून हरायला मला वाईट वाटणार नाही. हेही मोठ्याने वाच.

तुझ्या प्रेमाचा लोटा मात्र मोजून घालू नकोस.

तुझी,
रंजिता

---

आंधळगाव
३० मार्च २०२५, पाडवा

चि. रंजितास,
बाबांचे आशीर्वाद.

बाईने सांगितलं की या वेळी तूच लिही. पत्र लिहून फार वर्षं झाली. अक्षर वाकडं वाटलं तर चालवून घे. अनुपने तुला सकाळी फोनवर सांगितलंच आहे, पण मीठमसाला लावून सांगितलं असेल. म्हणून झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दांडा २० तारखेपासून वर निघाला. २६ला कळ्या दिसायला लागल्या. पानं तोवर सगळी वाळली होती. ऊन चाळीसला टेकलं. दुपारी मी सावलीचं धोतर ओलं करून दुहेरी टाकत होतो. २८ला सकाळी साडेसहाला सगळ्यात खालची पाच फुलं उमललेली होती. पिवळी. काल दुसरा वेढा उमलला, आज तिसरा. वरच्या कळ्या बारीक आहेत, त्या बहुतेक उमलणार नाहीत. दांडा एक वीत चार बोटं भरला. बाईने ओवाळलं. जनाबाईला धरून वीस-पंचवीस बाया पाहून गेल्या. एकीने म्हटलं की एवढंसंच काय. बाईने तिला चहा दिला नाही.

अट फुलण्याची होती, उंचीची नव्हती. तेव्हा तू जिंकलीस. मालकीणबाईंना उद्या हो सांग. तीन वर्षं राहा. कोणी विचारलं तर सांग की वडिलांनी मोजून पाहून हो म्हटलं आहे.

आता अटीबद्दल. मंडईच्या दिवशी मला पक्कं ठाऊक होतं की हे आपल्या उन्हात फुलणार नाही. म्हणूनच ती अट घातली. नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. कारण एवढंच होतं की तू गेल्यापासून घरात करमत नाही. सकाळी ताणा भरताना समोरचं टोक धरायला कोणी नसतं, ती गोष्ट वेगळी. पण संध्याकाळी काम संपल्यावरसुद्धा करमत नाही. हे सरळ सांगायचं सोडून मी फुलाच्या आड लपलो. बाईला हे पहिल्या दिवसापासून कळत होतं असं ती आता म्हणते.

तुझा कंद माझ्या हातून कापला गेला तेव्हा मला फार लागलं. पण त्यामुळे पावणेदोन महिने त्या एका झाडाजवळ बसणं झालं. तू काय काम करतेस ते मला तेव्हा कळलं. मी समजत होतो फुलं म्हणजे हौस. त्यात इतकी नजर लागते, इतका हात आवरावा लागतो, हे ठाऊक नव्हतं. पाणी घालणं सोपं आहे, न घालणं कठीण आहे. दोन वेळा बाई झोपल्यावर मीही लोटा भरून उभा राहिलो होतो. घातलं नाही.

मागाचं विचारू नकोस. माझे हात आहेत तोवर तो चालेल. पुढे काय ते पुढे पाहू, त्याचं ओझं तुझ्यावर टाकत नाही. त्या खळीचा ताणा मागच्या आठवड्यात उतरला. कापड चांगलं झालं आहे, आज गुढीला तेच लावलं. तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो.

अनुपने माझं आणि बाईचं २४ मेचं तिकीट काढलं आहे, नागपूरहून दिल्ली आणि तिथून पुढे बस. बाईने आतापासून गावभर सांगितलं आहे की आम्ही फुलं पाहायला चाललो. फुलं पाहूच. पण मला तू कोणत्या खोलीत झोपतेस, काय जेवतेस, सकाळी उठून कोणत्या वाटेने कामावर जातेस, ते पाहायचं आहे.

लोभ लिहून दाखवायची मला सवय नाही, म्हणून स्वतः येत आहे.

तुझे,
बाबा